वाघदेवापाशी शून्य

संस्थेचा कारभार बघणारे गायधनी साहेब माझ्या टेबलाशी आले तेव्हा माझ्यासमोर पाण्याचे एकवीस नमुने होते आणि साडेपाच वाजून गेले होते. एकवीसपैकी चौदा झाले होते. उरलेले सात उद्यावर टाकता येत नाहीत. बाटली भरल्यापासून ठरावीक तासांच्या आत जंतूंची तपासणी लावावीच लागते. मी हातातलं काम न सोडता त्यांना खुर्ची दाखवली.

"बसत नाही मॅडम. एवढंच सांगायला आलो, बुधाचं ठरलं. सोमवारी पत्र देतोय."

"कसलं पत्र?"

"कामावरून कमी केल्याचं. डिझेलची चोरी. पोलिसांत जात नाही, तेवढी मेहरबानी समजायची. तुमच्या तक्त्याने काम सोपं केलं बघा. तुमचंच वाक्य घेतलंय पत्रात."

ते गेले. मी पंधरावी बाटली उचलली. लेबल दोनदा वाचलं तरी गावाचं नाव डोक्यात शिरेना.

आमची संस्था विहिरी, हातपंप आणि नळयोजनांचं पाणी तपासते. प्रयोगशाळा गोविंदनगरला. नमुने वणीकडून येतात, विंचूरकडून येतात, पण निम्म्याहून जास्त येतात ते त्र्यंबकच्या पलीकडे घाट उतरून, हरसूलच्या आजूबाजूच्या पाड्यांवरून. त्यासाठी एक गाडी आणि एक ड्रायव्हर, बुधा भोये. हरसूलजवळच्याच एका पाड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचे दोन्ही भाऊ दरवर्षी दिवाळीनंतर बायकापोरांसह दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत जातात आणि उन्हाळा संपताना परततात. बुधाही जायचा. मग तो गाडी शिकला आणि त्याचं जाणं थांबलं. त्याची मुलगी रोशनी त्यामुळेच एका शाळेत सलग दहावीपर्यंत पोचली होती. हे तो कधी बोलला नव्हता. एकदा तिचा गणिताचा प्रश्न मला विचारायला त्याने वही आणली होती, तेव्हा कळलं. चोर म्हणून निघालेल्या ड्रायव्हरला आमच्या भागात दुसरी गाडी मिळत नाही. बुधाला बागच उरली असती.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने नवी गाडी घेतली. तिच्या डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याशेजारी, बोटभर रुंदीचा स्क्रीन आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर देते, तो एकच आकडा त्यावर दिसतो. त्याच महिन्यात बैठकीत लॉगबुकातल्या खाडाखोडीवरून वाद चालला होता. मला प्रयोगशाळेत परतायचं होतं. मी म्हणाले, "रोज संध्याकाळी गेटवर आल्यावर स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला सांगा. हाताने लिहिण्यापेक्षा उपकरणाचा आकडा बरा." सायन्सवाल्या मॅडमनी सांगितलं म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. नवं पिपेट आलं तर त्यातून दहा वेळा पाणी काढून, वजन करून, आकडा जुळल्याशिवाय मी ते रॅकमध्ये ठेवत नाही. गाडीच्या स्क्रीनबाबत मला ते सुचलंसुद्धा नाही.

रोज फोटो येऊ लागले. १७.९. १८.१. १८.०. ग्रुपवर अंगठे उमटायचे. तसली जड गाडी घाटातून अठरा देते म्हणून बुधाचं कौतुक झालं आणि ऑफिसात त्याचं नावच पडलं. "काय अठरा, निघालास?" "अठरा, चहा घेतलास का?" बुधा लाजायचा, पण हाकेला लगेच वळायचा.

जानेवारीत हिशेब तपासणारे आले. त्यांनी फोटो बघितले नाहीत. वर्षभरात भरलेलं डिझेल आणि वर्षभरात चाललेले किलोमीटर यांचा भागाकार केला. तेरा आणि थोडं. स्क्रीनवर अठरा, प्रत्यक्षात तेरा. प्रत्येक लिटरमागचे पाच किलोमीटर कुठे गेले? बुधाला घरी बसायला सांगितलं आणि ठेकेदाराकडून मनोज नावाचा ड्रायव्हर आला. तीन आठवड्यांनी साहेबांनी मला दोघांची तुलना करून मागितली. डबा खाता खाता मी ती केली. मनोज: स्क्रीन तेरा, टाकी बारा. बुधा: स्क्रीन अठरा, टाकी तेराच्या वर. एकाचा फरक एक, दुसऱ्याचा पाच. खाली मी लिहिलं, "दोन चालकांच्या फरकांत लक्षणीय तफावत आहे." वाक्य खोटं नव्हतं. ते आता पत्रात गेलं होतं.

सातही नमुने लावून झाल्यावर मी हात धुतले आणि मोबाइलवर जुने फोटो काढून बसले. पाठ दुखत होती. दोन वर्षांचे फोटो एकामागून एक बघताना पहिल्यांदा जाणवलं की अठरा हा आकडा फारच स्थिर आहे. गाडी एकशेदहा किलोमीटर फिरो की एकशेनव्वद, हरसूलच्या दिवशी अठराच्या आसपास. खऱ्या मोजमापात एवढं एकसारखेपण मी कधी पाहिलेलं नाही. आणि डिसेंबरात एक आठवडा गाडी फक्त विंचूर-वणीकडे फिरली होती. त्या आठवड्यात स्क्रीन साडेपंधरा आणि टाकी चौदा पॉइंट तीन. फरक मनोजइतकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना हे सांगितलं.

"मग बरोबरच आहे ना मॅडम," ते म्हणाले. "विंचूरला कुणाला विकणार तो? हरसूल त्याचं गाव. गिऱ्हाईक ओळखीचं."

मी हे धरलं नव्हतं. एकाच आकड्यातून दोन्ही अर्थ निघत होते.

"मला एक दिवस द्या. उद्या शनिवार आहे. बुधा गाडी चालवेल, मी सोबत बसेन. सकाळी टाकी फुल, संध्याकाळी त्याच पंपावर फुल."

"मॅडम, तुम्ही हुशार आहात, पण भोळ्या आहात. तुम्ही शेजारी बसल्यावर तो चोरेल का?"

"नाही चोरणार. मग उद्या त्याचा फरकही मनोजसारखा एकचा यायला हवा. तरीही पाचच आला, तर डिझेल चोरीला जातंय हे म्हणणं चूक आहे."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून नाक चोळलं. त्यांनाही वरून फोन येत होते. "एक दिवस," ते म्हणाले. "सोमवारी पत्र तयार राहील."

शनिवारी सात वाजता बुधा गेटच्या बाहेर उभा होता. पहिल्या एसटीने आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी.

"आत या ना बुधाभाऊ."

"नको मॅडम. साहेब म्हनाले व्हते, बोलावल्याबिगर गेटच्या आत यायचं नाय."

मनोजने आतून गाडी आणली, किल्ली त्याच्या हातावर टेकवली. "घे रे अठरा, तुझी लक्ष्मी. मला तर तेराच्या वर जाईना ती. काय पाजतोस तिला?"

"सांभाळून क्लच दाबत जा आधी," बुधा म्हणाला. तेवढंच.

पंपावर मी उतरून उभी राहिले. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं, वर एक थेंब नाही, हे पोऱ्याला दोनदा सांगितलं. गाडी कुठे उभी केली तिथे चाकाशी खडूने रेघ मारली, म्हणजे संध्याकाळी टाकीचा कल तोच राहील. मग नमुन्यांच्या बाटल्यांना लावतो ती कागदी पट्टी टाकीच्या झाकणावर चिकटवली आणि तिच्यावर सही केली. झाकण उघडलं तर पट्टी फाटणार. हे सगळं बुधा बघत होता.

"मॅडम, कुलूप बी लावा वाटलं तर."

"ही पट्टी तुमच्यासाठी नाही. साहेबांना दाखवायला आहे."

तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. माझे वडील नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. कामावरून सुटताना झडती व्हायची. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. म्हणायचे, सगळ्यांची झडती म्हणजे कुणाचीच नाही. इथे एकट्याची होती, आणि सही माझी होती.

स्क्रीन मी माझ्या हाताने शून्यावर आणला. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की फेरीचे किलोमीटर आणि सरासरी दोन्ही एकदम पुसले जातात आणि मोजणी नव्याने सुरू होते. गाडी रात्रभर बंद राहिली की हे आपोआपही होतं. एरवी मी मागे, बर्फाच्या पेटीशेजारी बसते. आज पुढे बसले. मांडीवर वही. प्रत्येक गावाला किलोमीटर आणि सरासरी लिहायची असं ठरवलं होतं.

त्र्यंबक ओलांडलं, घाट उतरलो. बुधा फार छान गाडी चालवतो, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. उतारावर पाय ब्रेकवर नाही. गिअरवरच गाडी तोलून धरायची. वळणाच्या आधीच वेग कमी झालेला असायचा. मी वहीत ते लिहिलं नाही, कारण त्याला एकक नाही.

दुपारपर्यंत सहा पाडे झाले. सातव्यावर विहिरीशी अक्काबाई म्हणून एक म्हातारी होती. बाटली भरायला दोर तीच देते. बुधाला बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"आलास का रं? पत्ता नाय तीन हप्ते. डिझेल पितोस म्हनं तू!"

"कोन म्हनलं?"

"तो नवा डायवर. म्हनला, तुमचा बुधा तेल पिऊन लाल झालाय, म्हनून घरी बसवलाय."

चार बायका हसल्या. बुधाही हसला, पण दोर ओढताना त्याने माझ्याकडे पाठ केली. "पितो ना आक्का," तो म्हणाला. "तुमच्या हिरीच्या पान्यापेक्षा बरं लागतं."

"मर मेल्या," अक्काबाई म्हणाली, आणि मग आवाज उतरवून मला विचारलं, "हा जाईल काय वं बाई? रोशनीचं पेपर हायेत पुढल्या महिन्यात."

"बघू," मी म्हणाले. या शब्दाला काही अर्थ नसतो, तरी माझ्या तोंडून तो निघाला.

साडेतीनला हरसूलच्या बाजारातून परत फिरलो. त्या वेळी बाजार रिकामा होता. इथून पुढचा रस्ता मला कधीच माहीत नसतो, कारण मी झोपलेली असते. पहाटे पाचला उठून, सोळा-सतरा ठिकाणी उतरून-चढून, पेटीतला बर्फ सांभाळून, गाडी घाटाला लागली की माझी मान आपोआप खाली जाते, ती त्र्यंबकच्या गर्दीत हॉर्न वाजू लागले की वर येते. दोन वर्षांत घाटाचा वरचा भाग मी येताना एकदाही जागेपणी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी मी बर्फाच्या पेटीतून एक रिकामी बाटली काढून डोळ्यांवर धरली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तरी दोनदा वही हातातून निसटली.

"झोपा मॅडम. मी लिवतो आकडा."

"नको."

शेवटच्या वळणाच्या आधी मी लिहिलं: ११२ किलोमीटर, १३.३.

माथ्यावर रस्ता सपाट होतो तिथे डाव्या अंगाला एक साग आहे आणि त्याखाली वाघदेव. कंबरेएवढा लाकडी खांब, वर कोरलेले चंद्र-सूर्य, खाली वाघ, शेंदराने सगळं एकसारखं झालेलं. बुधाने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, चपला पायातून सोडल्या, हात जोडले, कपाळाला लावले. आणि त्याच उजव्या हाताने, खाली आणता आणता, स्टिअरिंगच्या बाजूचं बटण दाबून धरलं. स्क्रीनवर १३.३ होतं ते गेलं. दोन आडव्या रेघा आल्या.

माझी झोप गेली.

"हे काय केलंत?"

"काय?"

"ते बटण."

"शून्य केलं," तो म्हणाला. मी विचारलंच का, हे त्याला कळलं नव्हतं. "वाघदेव हाय ना."

"म्हणजे?"

"पुंजाबाबाची रीत. त्यानं मला गाडी शिकवली. हरसूल-त्र्यंबक जीप व्हती त्याची, वीस-वीस मानसं घालायचा. वर आला का हात जोडायचा अन् मीटरची कळ फिरवायचा. म्हनायचा, खालचं वाघदेवाचं, पुढचं आपलं. घाट चढून आलो ती त्याची किरपा. ते आपल्या नावावर मोजायचं नाय."

पुंजाबाबाच्या जीपमध्ये कळ फिरवल्यावर फक्त किलोमीटर पुसले जात. कुणाचं काही बिघडत नसे.

"रोज करता?"

"येताना रोज. जाताना नाय. जाताना उतार, त्यात देवाला काय तरास."

"दोन वर्षं?"

"गाडी आली तवापासून."

मी वहीकडे बघितलं. इथून गोविंदनगर चाळीस किलोमीटर. चांगला रस्ता, बराचसा हलका उतार, पाड्यापाड्यावर थांबणं नाही, चढ नाही. संध्याकाळी गेटवर ज्या आकड्याचा फोटो निघत होता तो फक्त या चाळीस किलोमीटरांचा होता. घाट, पाडे, खडी, पहिल्या गिअरमधले चढ, सगळं रोज इथे पुसलं जात होतं, आणि त्या वेळी मी मागे पेटीवर मान टाकून झोपलेली असायची.

"बुधाभाऊ, हे साहेबांना का सांगितलं नाहीत?"

त्याने चपला पुन्हा पायात सरकवल्या. "साहेबांनी इचारलं डिझेल कुठं गेलं. देवापुढं काय करतो ते कुठं इचारलं?"

संध्याकाळी पंपावर खडूच्या रेघेवर गाडी उभी राहिली. पट्टी शाबूत होती. ती मी त्यालाच फाडायला सांगितली. नोझल पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आकडा होता साडेअकरा लिटर. किलोमीटर एकशेबावन्न. पावतीच्या मागे मी भागाकार केला.

बुधा स्क्रीनवर बोट ठेवून उभा होता. "अठराच आलं ना? अठरा पॉइंट दोन." तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा होता. "बगा मॅडम, तुमच्यासमोर आलं. पट्टी बी फाटली नाय. दावा आता साहेबांला."

मला त्याला तिथेच थांबवावंसं वाटलं, पण सांगणं भाग होतं. उभ्या उभ्याच सांगितलं. हा अठरा वाघदेवापासून इथपर्यंतचा. सकाळपासून तिथपर्यंत स्क्रीनवर तेरा होते. मधे शून्य केलं नसतं तर आज सगळ्या दिवसाचं मिळून चौदा पॉइंट तीन दिसलं असतं. आणि स्क्रीनही थोडं वाढवून सांगतो. टाकीतलं डिझेल तो मोजत नाही, इंजिनात किती गेलं असेल त्याचा अंदाज करतो, आणि या गाडीचा अंदाज शंभरात आठने जास्त आहे. मनोजलाही तेवढंच वाढवून दाखवत होता. खरा आकडा तेरा पॉइंट दोन.

"म्हंजे चोरी नाय."

"नाही."

"अन् अठरा बी नाय."

"नाही."

त्याने स्क्रीनवरचं बोट काढलं आणि रुमालाने तिथला डाग पुसला.

रविवारी मी अहवाल लिहिला. दोन पानं. बटणाचा उल्लेख गाळला असता तर पाचातला एकच किलोमीटर समजावता आला असता, बाकीचे चार तसेच बुधाच्या गळ्यात राहिले असते. म्हणून ते सगळं लिहिलं, वाघदेवासकट. सोमवारी गायधनी साहेबांनी दोन्ही पानं वाचली आणि नेमकं तेच शोधलं ज्याची मला धास्ती होती.

"म्हणजे मीटरशी छेडछाड."

"नाही."

"मॅडम, रोज रीडिंग पुसायचं, याला दुसरं काय म्हणतात? चोरी नसेल, फसवणूक आहे. पत्राचा मजकूर तेवढा बदलतो."

"बटण गाडी बनवणाऱ्यांनीच दिलंय, ते दाबू नये असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळचा फोटो पूर्ण दिवसाचा आहे, हे आपण गृहीत धरलं. फोटोची सूचना माझी. उपकरण तपासून न घेता आकडा वापरला मी. तक्ता मी केला, ते वाक्यही माझं. शेवटच्या परिच्छेदात आहे बघा."

"ते कशाला लिहिलंत?"

"झालं ते तसंच झालं म्हणून. छेडछाडीचं पत्र काढायचं असेल तर पहिलं माझ्या नावाने काढा. त्याचं दुसरं."

मी हे मोठ्याने म्हटलं नव्हतं. मोठ्याने बोलायची ताकदही नव्हती. साहेबांनी पानं जुळवून पिन मारली. मग बोलले ते भलतंच.

"माझी गाडी बावीस दाखवते मॅडम."

"टाकी फुल करून बघा."

"आठ टक्के सगळ्यांतच असतं का?"

"प्रत्येक गाडीचं वेगळं. काही कमीही दाखवतात. मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

गुरुवारी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, "एकोणीस. कशाला सांगितलंत हो?" आणि गेले.

बुधा परत आला. फोटो बंद झाले. आता दर वेळी डिझेल भरताना टाकी फुल करायची आणि किलोमीटर लिहायचे, एवढंच. तरी साहेबांनी स्टिअरिंगशेजारी एक छापील चिठ्ठी चिकटवली: "सदर बटण दाबू नये." ऑफिसात कुणी त्याला चोर म्हणालं नाही. अठराही कुणी म्हणेना. हाक मारताना लोक क्षणभर अडखळत आणि मग "बुधा" म्हणत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझी हरसूलची फेरी आली. मी पुढेच बसले. परतताना घाट चढलो तेव्हा मी जागी होते. या वेळी बाटली लागली नाही. सागापाशी गाडी थांबली. त्याने चपला सोडल्या, हात जोडले, कपाळाला लावले. उजवा हात खाली आला, चिठ्ठीपर्यंत गेला आणि मांडीवर येऊन पडला. स्क्रीनवर १३.१ होतं.

"हे कधी बघतच नव्हतो मी," तो म्हणाला. "वर आलो का लगेच पुसायचो. वाटायचं, खाली बी अठराच असंल." चपला पायात सरकवत म्हणाला, "चोर नाय निघालो मॅडम. पर डायवर बी साधाच निघालो."

"मनोजची टाकी बारा होती. तुमची तेराच्या वर. त्याच रस्त्याला, त्याच गाडीला."

"मनोज नवा हाय. त्याला घाट कुठं म्हाईत."

"बुधाभाऊ, आता हा आकडा कुठेच लिहीत नाही आपण. दाबा तुम्ही. चिठ्ठीचं मी बघते."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग सागाखालच्या खांबाकडे. इंजिन चालूच होतं.

"आता ठाऊक झालंय ना खालचं," तो म्हणाला. "पुसून काय व्हनार?"

त्याने गिअर टाकला. आकडा तसाच पुढे चालू राहिला. १३.२, १३.३, त्र्यंबकला १३.६. गाडी पूर्वीसारखीच चालत होती, वळणाआधी वेग कमी होत होता, उतारावर ब्रेक लागत नव्हता. मला झोप आली नाही. गेटवर पोचलो तेव्हा १४.१ होतं. बुधाने सवयीने खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनसमोर धरला, आणि मग आठवून परत खिशात ठेवला. मी मागे जाऊन पेटी उघडली. बर्फ अजून शिल्लक होता. नमुने वेळेत लागणार होते.